पीईए : शरीरातला रेणू आणि बाजारातली गोळी

पामिटॉइलइथॅनॉलअमाइड हे नाव उच्चारायलाच अवघड, म्हणून संशोधकांपासून दुकानदारांपर्यंत सगळे त्याला पीईए म्हणतात. सायटिका, कंबरदुखी, गुडघ्याचा संधिवात, मधुमेहामुळे होणारी तळपायांची आग अशा नाना दुखण्यांवरचा उपाय म्हणून त्याच्या गोळ्या आणि कॅप्सूल आज जगभर विकल्या जातात. त्यांच्या जाहिरातीत दोन विधाने हमखास असतात. हा पदार्थ आपले शरीर स्वतःच बनवते, हे पहिले. आणि गांजातल्या द्रव्यांशी नाते असूनही तो नशा आणत नाही, हे दुसरे. दोन्ही विधाने खरी आहेत. घोळ होतो तो त्यांच्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षात. शरीर दुखऱ्या जागी गरजेपुरता जो पदार्थ तयार करते, तोच तोंडावाटे पोटात घेतला की दुखणे उतरेल, असे आपण नकळत धरून चालतो. पण शरीरातले पीईए आणि गोळीतले पीईए यांचा रेणू एकच असला तरी त्यांची कामगिरी एकच आहे, हे कोणीतरी दाखवून द्यावे लागते. आजवरचे संशोधन एकत्र ठेवून पाहिले तर पहिल्याबद्दलचे ज्ञान भक्कम आणि दुसऱ्याबद्दलचे तुटपुंजे, परस्परविरोधी आहे. या दोन टोकांमधले अंतर नेमके कुठे आणि किती आहे, ते तपासणे हाच पीईएच्या आढाव्याचा खरा विषय आहे.

या रेणूचा शोध गांजातून लागलेला नाही. तो लागला अंड्याच्या बलकातून. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये संधिवाती तापाचा अभ्यास करणारे अल्विन कोबर्न आणि ल्युसिल मूर यांच्या लक्षात आले की गरीब घरांतल्या मुलांना हा ताप अधिक होतो आणि त्यांच्या आहारात अंड्यासारखे पदार्थ कमी असतात. मुलांना बलकाची पूड दिल्यावर घशाचा संसर्ग झाला तरी ताप उलटण्याचे प्रमाण कमी झाले, असे त्यांनी १९४३ मध्ये नोंदवले. पुढे गिनिपिगांवरच्या प्रयोगांत बलकातल्या मेदयुक्त अंशाने सांध्यांचा दाह कमी होताना दिसला. शेंगदाण्याच्या तेलातही असाच काही दाहविरोधी घटक असावा, असे संकेत त्याच सुमारास मिळत होते. अखेर १९५७ मध्ये मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक क्यूल आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनचे लेसिथिन, अंड्याचा बलक आणि शेंगदाण्याची पेंड या तिन्हींतून तो घटक वेगळा केला. १६ कार्बनांची साखळी असलेले पामिटिक आम्ल आणि त्याला जोडलेला इथॅनॉलअमाइनचा छोटासा तुकडा, एवढीच त्याची रचना. १९६५ मध्ये तो सस्तन प्राण्यांच्या मेंदूत, यकृतात आणि स्नायूंतही सापडला. म्हणजे अन्नात आढळलेला हा पदार्थ प्राण्यांच्या शरीरातलाही घटक होता.

माणसांवरच्या पहिल्या मोठ्या चाचण्या वेदनेसाठी झाल्या नाहीत, आणि पश्चिम युरोपात किंवा अमेरिकेतही झाल्या नाहीत. १९७०च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात ‘इम्पल्सिन’ या नावाने पीईएच्या गोळ्या निघाल्या. फ्लू आणि श्वसनमार्गाचे इतर संसर्ग टाळण्यासाठी त्या स्कोडा मोटार कारखान्याच्या कामगारांना आणि सैनिकांना देण्यात आल्या. या चाचण्यांत एकूण काही हजार लोक होते. आजारपणाचे दिवस आणि ताप, घसादुखी यांचे प्रमाण घटल्याचे निष्कर्ष त्यांतून निघाले. तरीही औषध टिकले नाही आणि विषय मागे पडला. यावरून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पीईए हजारो लोकांनी पूर्वीच घेतलेले आहे आणि त्यातून मोठा अपाय नोंदला गेला नाही, ही एक. दुसरी अशी की उपयोग कशासाठी, याचे उत्तर दर पिढीत बदलत गेले: आधी संधिवाती ताप, मग फ्लू, नंतर वेदना, आणि अलीकडे ऑटिझमपासून कोविडनंतर गेलेल्या वासाच्या जाणिवेपर्यंत. एखाद्या पदार्थाच्या गुणांची यादी वाढत जाते आणि त्यातला एकही गुण वादातीत ठरत नाही, तेव्हा वाचणाऱ्याने सावध व्हायला हवे.

गांजाशी पीईएचे नाते जुळले ते फार नंतर. गांजाची नशा ज्या टीएचसीमुळे येते ते शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याचे काम १९६४ मध्ये राफाएल मेशुलाम आणि येखिएल गाओनी यांनी इस्रायलमध्ये केले. मेंदूत ते ज्या ग्राहीला चिकटते त्या सीबी१ चा पुरावा १९८८ मध्ये मिळाला. वनस्पतीच्या द्रव्यासाठी माणसाच्या मेंदूत कुलूप असेल, तर शरीराची स्वतःची किल्लीही असलीच पाहिजे, या तर्काने शोध सुरू झाला आणि १९९२ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात डुकराच्या मेंदूतून आनंदामाइड मिळाले. हा पीईएचा सख्खा भाऊच म्हणावा असा रेणू. इथॅनॉलअमाइनचा तुकडा तोच, फक्त पामिटिकऐवजी अरॅकिडॉनिक आम्लाची साखळी. साहजिकच विसरलेल्या पीईएकडे लक्ष गेले. १९९३ मध्ये, चेतातंतूंच्या वाढीच्या घटकासाठी नोबेल मिळवलेल्या रीता लेव्ही-मॉन्तालचिनी आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी असे मांडले की पीईएसारखे रेणू मास्ट पेशींना आवर घालतात. हिस्टामिनसारखी दाहकारक द्रव्ये याच पेशी सोडतात. १९९५ मध्ये त्याच वर्तुळातून आणखी दावा आला की पीईए सीबी२ या दुसऱ्या कॅनाबिनॉइड ग्राहीमार्फत काम करते.

हा दावा टिकला नाही. पीईए सीबी१ ला जवळजवळ चिकटतच नाही आणि सीबी२ शीही त्याची जवळीक नगण्य आहे, असे पुढच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. २००५ मध्ये दानिएले पियोमेल्ली यांच्या गटाने पीपीएआर-अल्फा या पेशीकेंद्रातल्या ग्राहीकडे बोट दाखवले. ज्या उंदरांत हा ग्राही जनुकीय बदलाने काढून टाकला होता, त्यांच्यात पीईएचा दाहविरोधी परिणाम नाहीसा झाला. जीवशास्त्रात याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. कॅनाबिनॉइडांशी राहिलेला संबंध अप्रत्यक्ष आहे. आनंदामाइड आणि पीईए या दोघांनाही तोडणारे एक सामाईक विकर आहे, एफएएएच. ते पीईए तोडण्यात गुंतले की आनंदामाइड थोडे जास्त वेळ टिकते. त्यामुळे पीईएला गांजाचा सौम्य अवतार म्हणणे चुकीचेच. त्यातून नशा येत नाही, कारण नशेच्या ग्राहीला ते स्पर्शच करत नाही. मात्र याची दुसरी बाजू जाहिरातीत येत नाही. गांजावर आधारित औषधांबद्दल जे काही सिद्ध झाले असेल, ते पीईएच्या खात्यावर जमा करता येत नाही. शिवाय पीपीएआर-अल्फा हाच ग्राही रक्तातली ट्रायग्लिसराइड्स उतरवणाऱ्या फेनोफायब्रेटचेही लक्ष्य आहे. ते औषध जगभर लाखो लोक वर्षानुवर्षे घेतात, आणि तरी ते वेदनाशामक म्हणून ओळखले जात नाही. ग्राही सापडला म्हणजे माणसात परिणाम सिद्ध झाला, असे समजण्याची घाई म्हणूनच करू नये.

आता शरीर पीईए कसे वापरते ते पाहू. ते पेशींत साठवून ठेवलेले नसते. पेशीच्या आवरणातल्या मेदातून ते गरज पडेल तेव्हा, इजा किंवा दाह असेल तिथेच बनते आणि काम होताच एफएएएच आणि एनएएए ही विकरे त्याचे तुकडे करतात. जागा, वेळ आणि मात्रा या तिन्हींवर शरीराचे इतके बारीक नियंत्रण असते. गोळीच्या बाबतीत यातले काहीच नाही. पीईए मेणासारखे, पाण्यात जवळपास न विरघळणारे आहे. आतड्यातून ते कसेबसे शोषले जाते आणि वाटेत, यकृतात, तीच विकरे त्याची वाट पाहत असतात. निरोगी लोकांना ३०० मिलिग्रॅम बारीक पूड दिल्यावर रक्तातली पातळी दोनेक तासांनी साधारण दुप्पट झाली आणि मग उतरली, एवढेच दिसले. कण सूक्ष्म केल्यास शोषण सुधारते, म्हणून ‘मायक्रोनाइज्ड’ आणि ‘अल्ट्रा-मायक्रोनाइज्ड’ प्रकार बाजारात आहेत. पण रक्तातली ही तात्पुरती दुप्पट मज्जारज्जूत किंवा गुडघ्याच्या सांध्यात किती पोहोचते, हा प्रश्न बाकीच राहतो.

‘हे तर रोजच्या अन्नातच आहे’ हा युक्तिवादही हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. शेंगदाण्यात पीईएचे प्रमाण ग्रॅममागे चार मायक्रोग्रॅमच्या आत आहे. चाचण्यांतला नेहमीचा डोस दिवसाला ६०० मिलिग्रॅमचा. तेवढे मिळवायचे तर एका दिवसात १६० किलोच्या आसपास शेंगदाणे खावे लागतील. पीईएने सर्वांत समृद्ध असलेले सोयाबीन लेसिथिन घेतले तरी ६०० ग्रॅमच्या वर पोटात जायला हवे. थोडक्यात, चटणीतल्या किंवा कुटातल्या दाण्यांचा आणि त्या कॅप्सूलचा एकमेकांशी संबंध नावापुरता आहे. कॅप्सूलमधली पूड तर अन्नातून काढलेलीही नसते. पामिटिक आम्ल आणि इथॅनॉलअमाइन यांच्या संयोगाने ती कारखान्यात बनते. यात वाईट काही नाही, अनेक उत्तम औषधे अशीच बनतात. पण मग तिला औषधाचीच कसोटी लावली पाहिजे. अन्नाला मिळणारी सूट तिला मिळण्याचे कारण नाही.

ती कसोटी लावून पाहिल्यास पीईएच्या बाजूचा पुरावा असा आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन चाचणीत सायटिकाच्या ६३६ रुग्णांना तीन आठवडे ३०० मिलिग्रॅम, ६०० मिलिग्रॅम किंवा प्लॅसिबो देण्यात आले आणि ६०० च्या गटात वेदना झपाट्याने उतरली. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या १११ रुग्णांवर आठ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यातही दोन्ही मात्रांनी प्लॅसिबोपेक्षा आराम दिला. २०२३ मध्ये ११ डबल ब्लाइंड चाचण्या आणि ७७४ रुग्ण यांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तोही पीईएच्या बाजूने झुकला. एवढ्यावरून प्रकरण मिटले असे कोणालाही वाटेल.

पण आकडे बारकाईने पाहिले की शंका येते, आणि ती आकडे फार चांगले असल्यामुळेच येते. सायटिकाच्या त्या चाचणीच्या नंतर झालेल्या विश्लेषणात, एका रुग्णाची वेदना निम्म्यावर यावी म्हणून सरासरी दीड रुग्णाला औषध द्यावे लागते असा हिशेब निघाला. तुलनेसाठी, मज्जातंतूंच्या वेदनेवर डॉक्टर रोज लिहून देतात त्या प्रीगॅबॅलिनचा हाच आकडा २०१५ च्या मोठ्या आढाव्यात सात-आठच्या दरम्यान होता, आणि जुन्या ट्रायसायक्लिक औषधांचा साडेतीनच्या आसपास. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळणारी, जवळजवळ निर्धोक अशी एक पूड या क्षेत्रातल्या सर्वोत्तम औषधांना कित्येक पटींनी मागे टाकते, असे मानावे लागेल. २०२३ च्या एकत्रित हिशेबातही परिणामाचा प्रमाणित आकार १.६८ निघाला. वैद्यकात ०.८ लाच ‘मोठा’ म्हणतात. शिवाय वेगवेगळ्या चाचण्यांचे निकाल एकमेकांपासून खूप दूर होते. असा निकाल खरा असण्याची शक्यता कोणी नाकारत नाही. पण लहान चाचण्या, थोडा कालावधी, उत्पादकांचा सहभाग आणि नकारात्मक निकाल छापून न येणे, हे चारही घटक जुळून आले तरी नेमके असेच चित्र दिसते. दोन शक्यतांपैकी कोणती खरी, हे त्याच चाचण्यांची पुन्हा पुन्हा बेरीज करून कळणार नाही.

यासाठी विरुद्ध बाजूचे दोन प्रयोग महत्त्वाचे ठरतात. पहिला २०१६ चा, डेन्मार्कमधला. मज्जारज्जूला इजा झाल्यामुळे मज्जातंतूंची वेदना सोसणाऱ्या ७३ जणांना अल्ट्रा-मायक्रोनाइज्ड पीईए दिवसातून दोनदा ६०० मिलिग्रॅम, जिभेखाली ठेवून, बारा आठवडे देण्यात आले. कालावधी पुरेसा होता आणि मात्राही मोठी होती, पण वेदनेत प्लॅसिबोपेक्षा फरक पडला नाही. दुसरा प्रयोग पीईएचा नसूनही पीईएच्या गृहीतकावर थेट घाव घालतो. फायझर कंपनीने एफएएएच हे विकर बंद पाडणारे औषध तयार केले होते. विकर बंद झाले की शरीराचे स्वतःचे आनंदामाइड आणि पीईए आपोआप साठते. त्यात शोषणाची अडचण नाही, यकृतात नाश होत नाही, आणि जागाही शरीरानेच निवडलेली असते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुडघ्याच्या संधिवाताच्या ७४ रुग्णांना ते दोन आठवडे देण्यात आले. विकराचे काम ९५ टक्क्यांहून अधिक थांबले आणि रक्तातली या रेणूंची पातळी काही पटींनी वाढली. वेदना मात्र जशीच्या तशी राहिली. त्याच चाचणीत तुलनेसाठी दिलेल्या साध्या नॅप्रोक्सेनने आराम पडला, म्हणजे चाचणीची मोजपट्टी नीट चालत होती.

गुडघ्याचा तोच आजार असताना शरीरातले पीईए वाढवून काही साधले नाही, पण तोंडावाटे दिलेल्या गोळीने साधले, असा हा पेच आहे. पीईएच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे यावर उत्तर आहे, आणि ते टाकाऊ नाही. दोन आठवडे कमी पडले असतील. पीपीएआर-अल्फा जनुकांच्या पातळीवर काम करतो, त्याला वेळ लागतोच. शिवाय पीईए तोडणारे दुसरे विकर, एनएएए, दाह झालेल्या जागी जास्त सक्रिय असते आणि ते त्या चाचणीत चालूच होते. एफएएएच बंद केल्याने वाढलेले आनंदामाइड वेदनेचा दुसरा एक मार्ग उघडत असेल, अशीही शक्यता सांगितली जाते. ही सगळी उत्तरे तपासून पाहता येण्याजोगी आहेत, ही चांगली गोष्ट. पण ती अजून तपासलेली नाहीत, आणि नकारात्मक निकालाला दिलेले संभाव्य स्पष्टीकरण म्हणजे सकारात्मक पुरावा नव्हे. याच एफएएएचवर बेतलेल्या दुसऱ्या एका औषधाच्या चाचणीत जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधल्या रेन येथे एका स्वयंसेवकाचा मृत्यू झाला. पुढच्या संशोधनात असे दिसले की ते औषध एफएएएचखेरीज इतर विकरांवरही हल्ला करत होते. तो दोष पीईएचा नव्हता. पण शरीराच्या स्वतःच्या यंत्रणेला हात घातला म्हणजे आपोआप सुरक्षितता मिळते, या समजुतीला त्या घटनेने उत्तर दिले.

या शंकेवरचा सर्वांत जोरकस आक्षेप मात्र वेगळ्या दिशेने येतो. स्कॉटलंडमधल्या एका स्त्रीला जन्मभर जवळजवळ वेदनाच जाणवलेली नाही. शस्त्रक्रियांनंतरही तिला वेदनाशामकांची गरज भासली नाही. २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवले की एफएएएचच्या शेजारच्या जनुकीय भागाचा एक तुकडा तिच्यात गळालेला आहे आणि तिच्या रक्तात आनंदामाइड आणि पीईए दोन्ही खूप जास्त आहेत. मग हे रेणू वेदनेला आवर घालतात याला याहून मोठा पुरावा काय हवा? माणसाच्या वेदनेत या रेणूंच्या कुळाचा हात आहे, हे यातून खरोखरच ठळकपणे दिसते. पण तिच्या शरीरात हा बदल गर्भापासून, प्रत्येक ऊतीत, दिवसरात्र आहे. नंतरच्या अभ्यासांत त्या एका बदलामुळे इतर अनेक जनुकांचे कामही बदललेले आढळले. तिच्या उदाहरणावरून वेदनेचे जीवशास्त्र समजते, पण साठ वर्षांच्या माणसाने सकाळ-संध्याकाळ कॅप्सूल घेतली तर काय होईल, ते समजत नाही. पुरावा पुन्हा शरीरातल्या पीईएचाच आहे, गोळीतल्या नव्हे.

उरतो तो व्यवहारी आक्षेप: अपाय नाही ना, मग दुखणेकऱ्याने घेऊन पाहिले तर बिघडते कुठे? डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पोट आणि मूत्रपिंड बिघडते, अफूजन्य औषधांचे व्यसन लागते, त्यापेक्षा हे बरे. यात तथ्य आहे, आणि गंभीर आजारात पर्याय संपलेल्या रुग्णाला डॉक्टरच्या सल्ल्याने तो मार्ग बंद करण्याचे कारण नाही. पण निर्धोकपणाचा अर्थही मोजून घ्यावा. २०१६ च्या एका नेटक्या आढाव्याने असे म्हटले की उपलब्ध चाचण्यांवरून दोनशेत एकाला किंवा त्याहून जास्त जणांना गंभीर अपाय होत असण्याची शक्यता फेटाळता येते. म्हणजे हजारात एकाला होणारा अपाय दिसण्याइतकी माहितीच गोळा झालेली नाही, आणि महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे घेतल्यास काय होते याची तर त्याहून कमी. दुसरी किंमत पैशांची. जुनाट दुखण्याची गोळी एक दिवसाची नसते. तिसरी किंमत वेळेची. मधुमेही माणसाच्या तळपायांची आग हे साखर आटोक्यात नसल्याचे लक्षण असू शकते. गोळीने थोडे बरे वाटते म्हणून ती तपासणी पुढे ढकलली गेली, तर निर्धोक गोळीनेच अपाय केलेला असतो.

मग इतक्या वर्षांत निर्णायक चाचणी का झाली नाही? रेणू निसर्गातला आणि जुना असल्याने त्यावर पेटंटची मक्तेदारी मिळत नाही. शेकडो कोटी खर्चून मोठी चाचणी घ्यावी आणि फायदा स्पर्धक कंपनीने लाटावा, असे कोणती कंपनी करील? म्हणून कंपन्यांनी कण सूक्ष्म करण्याच्या पद्धतींवर हक्क मिळवले, त्यांच्या त्यांच्या पुडीच्या लहान चाचण्या घेतल्या आणि माल आहारपूरक म्हणून विकायला काढला. आहारपूरकाला परिणाम सिद्ध करण्याची औषधाइतकी कडक अट नसते. भारतातही औषधांची परवानगी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे आणि आहारपूरके अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या कक्षेत, अशी विभागणी आहे. म्हणजे प्रश्न अनिर्णित राहणे हेच विक्रीच्या सोयीचे आहे. सकारात्मक निकाल आला तर फायदा सगळ्यांना वाटून जातो, नकारात्मक आला तर विक्री बसते. हा कोणा एका कंपनीचा दुष्टपणा नाही, या व्यवस्थेत कोणीही असेच वागेल.

म्हणून पीईएबद्दलचा प्रामाणिक निर्णय आज दोन भागांत द्यावा लागतो. शरीराने स्वतः बनवलेले पीईए दाहाला आवर घालते, यात शंका घ्यायला फारशी जागा नाही. गोळीतले पीईए काही प्रकारच्या वेदनेत थोडा आराम देत असेल, ही शक्यता खरी आहे. जाहिरातींत दिसतो तेवढा मोठा परिणाम मात्र बहुधा खरा नाही. हा प्रश्न सुटण्यासारखा आहे, आणि त्यासाठी नवी कल्पनाही लागत नाही. सार्वजनिक पैशातून, उत्पादकापासून दूर ठेवलेली, आधीच जाहीर केलेल्या निकषांची, किमान सहा महिन्यांची आणि तुलनेला एखादे प्रस्थापित वेदनाशामक असलेली एक मोठी चाचणी पुरेशी आहे. तिच्यात केवळ वेदनेचे गुण मोजून भागणार नाही. दुखऱ्या ऊतीत पीईए किती पोहोचले, तेही मोजावे लागेल, कारण सगळा वाद शेवटी तिथेच अडलेला आहे. स्वस्त, पेटंटमुक्त आणि सौम्य वेदनाशामक खरोखर हाती लागले, तर त्याची सर्वाधिक गरज गरीब देशांतल्या रुग्णांना आहे. त्यामुळे हा खर्च आपल्यासारख्या देशांच्या सार्वजनिक संशोधन संस्थांनी उचलणे हेच शहाणपणाचे. तोवर डबीवरच्या ‘नैसर्गिक’ या शब्दाला संशोधनाचे निमंत्रण एवढीच किंमत द्यावी, प्रमाणपत्राची नव्हे.